जास्तीचा पुरावा कोणाकडे मागितला जातो? अल्पसंख्याकांच्या समान नागरिकत्वाचा प्रश्न, ठाण्यातून पाहताना

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलांत किंवा नवी मुंबईत नेरूळ-खारघरच्या सेक्टरांत भाड्याचे घर शोधणाऱ्याला दलाल आधी बजेट विचारतो, मग घरात माणसे किती ते विचारतो आणि त्यानंतर बोलण्याच्या ओघात पूर्ण नाव विचारून घेतो. नाव पाटील, कुलकर्णी किंवा नायर असेल तर त्याच संध्याकाळी घर दाखवण्याची व्यवस्था होते. नाव शेख किंवा अन्सारी असेल तर "कमिटीला विचारून सांगतो" असे उत्तर मिळते आणि नंतर फोन उचलला जात नाही. ही दोन्ही कुटुंबे एकाच मतदान केंद्रावर रांगेत उभी राहतात, एकाच दराने कर भरतात आणि सकाळी एकाच लोकलमध्ये चेंगरतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात तसूभरही फरक नाही. तरीही एकाला घर मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, आणि ज्याला मिळत नाही त्याने नेमक्या कोणत्या कलमाखाली दाद मागावी, हे वकिलालाही चटकन सांगता येत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी समान नागरिकत्व ही गोष्ट मुळात कशाची बनलेली असते ते पाहावे लागेल.

नागरिक असणे ही सर्वात आधी नोंदीची बाब असते: शासनाच्या दफ्तरात माणूस या देशाचा म्हणून नोंदलेला असतो. पुढचा भाग शासनाच्या वागणुकीचा, म्हणजे पोलीस ठाणे, रेशनचे दुकान, शाळेतला प्रवेश आणि नोकरभरती यांत सर्वांना एकच नियम लागतो की नाही याचा. आणि त्याच्याही पुढे एक भाग असा आहे की ज्यावर शासनाचा थेट हात नसतो. शेजारी, घरमालक, खासगी कंपनीतला भरती अधिकारी किंवा सोसायटीचा सेक्रेटरी त्या माणसाला आपल्यापैकी एक समजतो की नाही, हा तो भाग. जगभरच्या अल्पसंख्याकांचे लढे बहुधा पहिल्या दोन भागांत सुरू होतात आणि तिसऱ्या भागात अडकतात. कोणी कुठे अडकले आहे हे ओळखायची माझ्या मते एक सोपी कसोटी आहे: जी गोष्ट इतरांना न मागता मिळते, तिच्यासाठी कोणाकडून जास्तीचा पुरावा मागितला जातो ते पाहावे. तो पुरावा देशप्रेमाचा असेल, वंशाचा असेल, जन्मस्थळाचा असेल किंवा केवळ 'आम्ही तसले नाही' हे पटवून देण्याचा असेल.

आपल्या घटनाकारांपुढे हा प्रश्न अगदी कच्च्या स्वरूपात आला होता. ब्रिटिशांनी १९०९ मध्ये मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ दिले आणि पुढे ती पद्धत इतर समाजांपर्यंत वाढवली. म्हणजे एकाच गावातले लोक धर्मानुसार वेगवेगळे प्रतिनिधी निवडत होते. फाळणीच्या रक्तपातानंतर ही पद्धत टिकणे शक्य नव्हते. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी संविधान सभेने जी सल्लागार समिती नेमली होती तिचे अध्यक्ष सरदार पटेल होते, आणि तिच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. विभक्त मतदारसंघ रद्द झाले, आणि धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा ठेवण्याचा जो विचार सुरुवातीला मान्य झाला होता, तोही मे १९४९ मध्ये सोडून देण्यात आला. बेगम एजाझ रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीही त्याला पाठिंबा दिला. हा त्या काळातला फार मोठा सौदा होता, आणि आज त्याची आठवण क्वचितच काढली जाते: अल्पसंख्याकांनी राजकीय राखीव जागांवर पाणी सोडले आणि त्या बदल्यात मूलभूत हक्कांवर, म्हणजे बहुसंख्याकांच्या शब्दावर, विश्वास ठेवला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी नेमके हेच बोलून दाखवले. अल्पसंख्याकांनी आपले अस्तित्व बहुसंख्याकांच्या हाती सोपवले आहे. बहुसंख्याकांनी भेदभाव न करणे हे आपले कर्तव्य मानले पाहिजे. आणि ज्या दिवशी बहुसंख्याकांची भेदभावाची सवय सुटेल, त्या दिवशी अल्पसंख्याकांना वेगळे अल्पसंख्याक म्हणून उरण्याचे कारणच राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ऐरोलीतल्या त्यांच्या स्मारकाला भेट देणाऱ्या नवी मुंबईकरांनी त्यांचे हे भाषण अवश्य वाचावे, कारण अल्पसंख्याकांचा प्रश्न हा अल्पसंख्याकांच्या स्वभावाचा नसून बहुसंख्याकांच्या सवयीचा आहे, ही मांडणी त्या काळातही सर्वांना रुचणारी नव्हती.

अल्पसंख्याक कोण, हे आधी स्पष्ट करून घेऊ, कारण त्याबद्दल बराच गोंधळ असतो. घटनेत या शब्दाची व्याख्या नाही. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली केंद्र सरकारने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी या पाच समाजांना अधिसूचित केले. जैन समाजाची भर जानेवारी २०१४ मध्ये पडली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंनाही राज्यापुरता हा दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम सुमारे साडेअकरा टक्के, बौद्ध सुमारे पावणेसहा टक्के, जैन सव्वा टक्का आणि ख्रिस्ती जवळपास एक टक्का होते. शैक्षणिक संस्था चालवण्याच्या हक्कापुरते कोण अल्पसंख्याक हे देश पाहून नव्हे, तर राज्य पाहून ठरवायचे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात दिला. म्हणून महाराष्ट्रात सिंधी भाषक हे भाषिक अल्पसंख्याक ठरतात, आणि बेळगावात आपण मराठी माणसे ठरतो.

बेळगावचा उल्लेख मुद्दाम केला. मराठी शाळा, मराठी पाट्या आणि मराठीतली सरकारी कागदपत्रे यांसाठी तिथला मराठी माणूस घटनेच्या ज्या तरतुदींचा आधार घेतो, त्यांतल्या २९ आणि ३० व्या कलमांवरच ठाण्यातली उर्दू शाळा किंवा चर्चची शाळा उभी असते. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा तसेच आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हा हक्क आहे. बेळगावात त्याला आपण न्याय म्हणतो आणि मुंब्र्यात त्यालाच कोणी लांगूलचालन म्हणतो, तेव्हा आक्षेप हक्कावर नसतो, तो मागणाऱ्यावर असतो. संख्येने मोठ्या समाजाला आपली भाषा आणि सण जपण्यासाठी वेगळे कलम लागत नाही. शाळेच्या सुट्ट्या, सरकारी कार्यक्रमांची सुरुवात आणि आकाशवाणीची भाषा आपोआप त्याच्या सोयीची असते. छोट्या समाजाला तेवढेच मिळावे म्हणून कलम लागते. या हक्कांचा गैरवापर होत नाही असे मात्र नाही. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवल्यानंतर वंचित मुलांचे पंचवीस टक्के प्रवेश टाळण्यासाठी काही संस्थांना अल्पसंख्याक दर्जा अचानक आवडू लागला, ही तक्रार पालक करतात आणि ती रास्त आहे.

आता एका अशा समाजाकडे वळू ज्याचा इतिहास ठाण्यात अजून उभा आहे. टेंभी नाक्याच्या परिसरात १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक ज्यू समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, ज्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार' असा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आहेत. मराठी ही त्यांची घरची भाषा आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्याला एलियाहू हन्नबी (प्रेषित एलिया) यांच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि गूळ यांचा मलिदा ते करतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होत असत. मुंबईचे १९३७-३८ चे महापौर डॉ. एलिजा मोझेस याच समाजाचे होते, आणि वरळीचा डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या समाजावर भारतात धर्माच्या नावाखाली अत्याचार झाल्याचा इतिहास नाही. वेगळा धर्म, वेगळा विश्रांतीचा दिवस आणि खाण्यापिण्याचे वेगळे नियम असूनही कोकणाने त्यांच्याकडे दाखला मागितला नाही.

दाखला मागितला गेला तो इस्रायलमध्ये. १९४८ मध्ये ते राष्ट्र स्थापन झाले आणि १९५० च्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. ठाणे, मुंबई आणि कोकणातून हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. कागदावर ते पहिल्या दिवसापासून समान नागरिक होते. पण रंगावरून आणि राहणीवरून मिळणाऱ्या वागणुकीमुळे काही कुटुंबे इतकी दुखावली गेली की त्यांनी १९५१ मध्ये ठिय्या आंदोलन केले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. त्यातले काही जण खरोखर परत आलेही. त्याहून मोठा वाद लग्नावरून झाला. इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचे लग्न नसते. ज्यूंचे लग्न लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे असतो. हा समाज शतकानुशतके इतर ज्यूंपासून तुटलेला असल्याने त्यांच्या पूर्वजांची लग्ने आणि घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले असतील का, अशी शंका मुख्य धर्मपीठाने काढली आणि बेने इस्रायली व्यक्तीचे इतर ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची जमेल तितकी मागेपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश १९६० च्या दशकाच्या आरंभी दिले. पोलंडहून किंवा मोरोक्कोहून आलेल्या ज्यूला ही चौकशी नव्हती. पेणच्या तेल्याच्या नातीला मात्र आपली पणजी ज्यूच होती हे सिद्ध करावे लागणार होते.

या समाजाने ते मान्य केले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, प्रकरण संसदेपर्यंत गेले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेने बेने इस्रायली हे सर्व बाबतींत इतर ज्यूंइतकेच ज्यू आहेत, असे जाहीर केले. धर्मपीठाला निर्देशांतून त्यांच्या समाजाचा वेगळा उल्लेख काढावा लागला. धर्म वेगळा असताना जो समाज कोकणात सामावला गेला, त्याच समाजाला स्वधर्मीयांच्या राष्ट्रात पुराव्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. भेदभाव वेगळेपणातून आपोआप उगवतो असे आपण गृहीत धरतो. इथे वेगळेपण होते तेव्हा भेदभाव झाला नाही, आणि सारखेपण होते तेव्हा झाला. फरक एवढाच होता की एका ठिकाणी पुरावा मागण्याचा अधिकार एका संस्थेच्या हाती होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो कोणाच्याच हाती नव्हता. कोकणाबद्दल फार अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. ज्या कोकणाने शनवार तेल्याला दाखला मागितला नाही, त्याच कोकणात महाडच्या तळ्यावर काय घडले ते पुढे येईलच.

आपल्याकडे पुरावा मागण्याचे सर्वात कठोर रूप सध्या नागरिकत्वाच्या कागदपत्रांत दिसते. एखादी व्यक्ती परकीय असल्याचा संशय आला की आपण भारतीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावरच असते; इतर फौजदारी प्रकरणांत आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते, तसे इथे नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्याच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना स्पष्ट केले की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्यामुळे कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायदा म्हणून हे बरोबर आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जन्म, वंश, नोंदणी अशा अटी आहेत आणि आधार ही ओळखीची नोंद आहे, नागरिकत्वाची नव्हे. पण या निकषावर तपासायचे म्हटले तर आपल्यापैकी कितीजण आजोबांच्या जन्माचा दाखला दाखवू शकतील? ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना तो शोधावा लागत नाही, एवढेच. बंगाली बोलणाऱ्या मुस्लिम मजुराला तो शोधावा लागतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. बेकायदा घुसखोरी रोखणे हे कोणत्याही सरकारचे काम आहे, यात वाद नाही. मात्र चुकीची किंमत कोण मोजतो, हे बोलीवरून आणि नावावरून ठरत असेल, तर नियम सर्वांना एक आहे असे म्हणता येत नाही.

पण ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या बहुतेक अल्पसंख्याकांचा रोजचा सामना पोलिसांशी नसतो, तो घराशी असतो, आणि या प्रश्नाची खरी गुंतागुंत तिथेच आहे.

मुंब्रा हे ठाणे महानगरपालिकेच्याच हद्दीत, पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले आहे. डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ आहे आणि खाली कौशापर्यंत इमारतींची दाटी आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसे मेली; न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांतले ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते, उरलेल्यांपैकी ४५ जणांचा धर्म कळू शकला नाही आणि ५ जण इतर धर्मांचे होते. त्यानंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतली असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात राहायला आली. मागणी एकदम वाढल्यावर परवानगीविना इमारती उभ्या राहिल्या, त्यांवर बँका कर्ज देईनात, मग घरे रोखीने आणि कच्च्या कागदावर विकली गेली. देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र समजतात, आणि मुस्लिमांना इतर वस्त्यांत घर विकत किंवा भाड्याने मिळणे कठीण जाते. आज मुंब्र्यात डॉक्टर, वकील, अभियंते आणि प्राध्यापक राहतात, ज्यांना ठाण्याच्या कोणत्याही चांगल्या भागात घर परवडले असते.

"ते स्वतःहूनच एकत्र राहतात" हे वाक्य या विषयावर हमखास ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. मशीद जवळ असावी, हलाल मांस मिळावे, नातेवाईक हाकेच्या अंतरावर असावेत, असे वाटणारे लोक असतातच. नौपाड्यातले जुने मराठी घर विकून दुसरीकडे जायला तयार नसणाऱ्यांना आपण नावे ठेवत नाही. पण आवडीने एकत्र राहणे आणि दुसरीकडे दार बंद असल्यामुळे एकत्र राहणे, यांतला फरक पाहायचा तर बाहेर पडू पाहणाऱ्याला काय उत्तर मिळते ते पाहायला हवे. दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच पद्धतीचा होता. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी केली गेली. सर्वाधिक नकार मुस्लिमांना मिळाले, त्यांच्याखालोखाल दलितांना, आणि सवर्ण नावांना फोनवर नकार मिळालाच नाही.

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेला मी उपस्थित होतो, जिथे भाडेकरूंबद्दलचे धोरण हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. पार्किंगवरून तासभर वाद झाला आणि या विषयाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. एक काकू म्हणाल्या, "आमचं कोणाशी वैर नाही हो, पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" काय होईल, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सेक्रेटरी इतिवृत्तात काय लिहू म्हणून थांबले, तेव्हा निवृत्त बँक अधिकारी असलेले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तसं काही लिहू नका. सोसायटीच्या संस्कृतीला अनुरूप भाडेकरू ठेवावेत, एवढंच लिहा." ठराव एकमताने मंजूर झाला. कागदावर कोणत्याही धर्माचे नाव आले नाही. खासगी भेदभाव सिद्ध करणे जवळपास अशक्य का असते, हे त्या एका वाक्यातून कळते: नाकारणाऱ्याला कशाचाच पुरावा द्यावा लागत नाही आणि नाकारल्या गेलेल्याच्या हाती पुरावा म्हणून काहीच उरत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? घटनेच्या १५ व्या कलमाचा पहिला भाग शासनाला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. त्याचा दुसरा भाग खासगी व्यक्तींनाही बांधतो, पण त्यात दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. घराचा नाही. उलट संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य १९ व्या कलमात आहे, आणि त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाजूने निकाल दिला: सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा त्या संस्थेचा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) वैध ठरला. अस्तंगत होत चाललेल्या एका छोट्या समाजाने आपली वसाहत राखण्यासाठी केलेला नियम म्हणून त्याकडे सहानुभूतीने पाहता येते. पण न्यायालयाचा तर्क छोट्या समाजापुरता मर्यादित नव्हता, आणि त्यामुळे अल्पसंख्याकांना संरक्षण देणारा हा निकाल अल्पसंख्याकांना दाराबाहेर ठेवण्यासाठीही वापरण्याजोगा झाला. माझ्या मते तो पुन्हा तपासला गेला पाहिजे.

१५ व्या कलमात विहिरी आणि तळी का आली, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करूनच प्यावे लागले. पुढे विरोधकांनी न्यायालयात जो दावा लावला त्याचा मुख्य मुद्दा काय होता? ते तळे खासगी मालकीचे आहे, हा. दहा वर्षे खटला चालून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात तो निकाली निघाला. आज सोसायटीच्या सभेत "ही आमची खासगी मालमत्ता आहे" असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा त्या दाव्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. घर हे तळ्याइतके सार्वजनिक नसते, हे मान्य. आपल्या घरात कोणाला ठेवावे हे मालकाने ठरवणे आणि दोनशे घरांच्या संस्थेने दुसऱ्याच्या घरात कोणी राहावे हे ठरवणे, या मात्र अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घराबाबतचा भेदभाव कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही, असेही नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखाद्या वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. धर्मावरून केलेल्या आडकाठीसाठी असा कायदा नाही. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जातपंचायतींनी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यापुरता आहे. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोग अस्तित्वात आला नाही, आणि खासगी क्षेत्रातल्या भेदभावाला प्रतिबंध करणारे एक अशासकीय विधेयक २०१७ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते तसेच विरले.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढले. ब्रिटनच्या १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यातून घर आणि नोकरी वगळली होती, तीन वर्षांत ती चूक सुधारावी लागली. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घराच्या विक्रीत आणि भाड्यात वंश किंवा धर्म पाहण्यास मनाई करणारा कायदा झाला. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत प्रत्येक वांशिक गटाची कमाल मर्यादा ठरवून दिली, त्यामुळे वस्त्या मिसळल्या. मात्र छोट्या गटातल्या माणसाला घर विकताना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. आपल्याकडे इतके ताणण्याची गरज नाही. सिडकोच्या सोडतीत निघालेल्या घरांचा अनुभव नवी मुंबईत आहे. सोडतीला शेजारी निवडता येत नाही, आणि अशा इमारतींत वेगवेगळ्या धर्मांची माणसे पाण्याच्या वेळेवरून भांडत, पण एकाच जिन्यावर, वर्षानुवर्षे राहत आली आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ती मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला, नेते धावले, माफी मागितली गेली. मांसाहार करणाऱ्या मराठी कुटुंबांना घर नाकारण्याचे अनुभवही अनेकांच्या गाठी आहेत. तो राग रास्त होता. पण "मराठी चालणार नाही" आणि "मुस्लिम चालणार नाही" या दोन वाक्यांची रचना एकच आहे, आणि पहिल्याला विरोध करताना आपण जे तत्त्व वापरले ते दुसऱ्या वाक्यापाशी येऊन थांबत असेल तर ते तत्त्व नव्हते.

आज हातात काय आहे, तेही सांगायला हवे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा खुल्या सभासदत्वाच्या तत्त्वावर आधारलेला आहे. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नकार कारणांसह कळवावा लागतो, आणि तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकाराविरुद्ध सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील करता येते. भाडेकरू ठेवण्यासाठी आदर्श उपविधींनुसार संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. करारनाम्याच्या प्रतीसह आठ दिवस आधी कळवणे पुरेसे असते. म्हणजे "कमिटीला विचारून सांगतो" हे वाक्य बहुतेक सोसायट्यांत कायद्याने निराधार आहे, आणि संस्कृतीला अनुरूप भाडेकरूंचा ठराव नोंदणीकृत उपविधींवर मात करू शकत नाही. घरमालकाने स्वतः नाकारले तर मात्र भाडेकरूला आजही फारसा उपाय नाही. सोसायट्यांपुरता हा प्रश्न सोडवायला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण जनहितासाठी सहकारी संस्थांना निर्देश देण्याचा अधिकार याच कायद्याच्या ७९-अ कलमाने राज्य शासनाला दिलेला आहे. सभासद किंवा भाडेकरू यांच्याबाबत आक्षेप घेणाऱ्या संस्थेने तो ठरावीक दिवसांत लेखी, कारणासह आणि सहीनिशी द्यावा, एवढा एक निर्देश निघाला तरी पुरावा देण्याची वेळ प्रथमच नाकारणाऱ्यावर येईल.